अंगठी फेकली, डबी ठेवली

काय मंडळी, सिनेमाची पहिली दहा मिनिटं तुम्ही काय करता? खरं सांगा हं! कुणी पॉपकॉर्नच्या पुड्याशी झटापट करत असतं, कुणाला नेमकी तेव्हाच तहान लागते, आणि कुणीतरी हमखास "अरे, माझा पाय तुडवलास" म्हणून भांडत असतं. आमच्या घरी तर थिएटरात वेळेवर पोचायची पद्धतच नव्हती. तालुक्याच्या गावी सिनेमाला जायचं, एस.टी. उशिरा यायची, आणि बाबा म्हणायचे, "काही बिघडत नाही. सुरुवातीला काय असतं? नुसती नावं!"

मी पुष्कळ वर्षं ते खरं धरून चालले. गेल्या वर्षी माझ्या चौथीच्या वर्गानं मला खोटं पाडलं. अडतीस मुलं, एक प्रोजेक्टर आणि एक सिनेमा. ती हकिकत आज सांगते.

आमची शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजी सिनेमा लावला की दर मिनिटाला "बाई, तो काय म्हणाला?" सुरू होतं, आणि बाई त्या भाषांतरातच दमून जातात. म्हणून एका शनिवारी मी 'वॉल-ई' निवडला. २००८ साली अमेरिकेतल्या पिक्सार कंपनीनं काढलेला हा विज्ञानपट. दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन. माझ्या दृष्टीनं त्याचा मोठा गुण हा, की पहिला जवळजवळ अर्धा तास त्यात दोन पात्रांचं धड संभाषणच नाही. जाहिराती बडबडतात, एका जुन्या सिनेमातली माणसं गातात, बस्स. मनात म्हटलं, आज बाईंना आराम!

आराम कुठला? चित्र दिसायला लागलं आणि स्पीकरनं मान टाकली. वायर हलवून झाली, पलीकडच्या वर्गातल्या सरांना बोलावून झालं, एका हुशार मुलानं स्पीकरला चापटही मारून पाहिली. आवाज येईना. पोरं तर खिडक्यांना चादरी बांधून, अंधार करून बसलेली! शेवटी मी म्हटलं, "चला, मुका सिनेमा बघू. दहाच मिनिटं."

तर आम्ही काय पाहिलं ते आधी सांगते. काळं आकाश, चांदण्या, आकाशगंगा. मग आपली पृथ्वी, पण पुस्तकातली निळी-हिरवी नव्हे. मातकट, धुरकट, चहात पडून भिजलेल्या बिस्किटाच्या रंगाची. कॅमेरा खाली खाली येतो. धुरातून उंच इमारती दिसायला लागतात. जवळ जावं तर त्यातल्या कितीतरी इमारती नाहीतच. कचऱ्याचे चौकोनी ठोकळे एकावर एक रचून केलेले मनोरे आहेत ते, खऱ्या इमारतींएवढे उंच. हवेत धूळ. माणूस नाही, कुत्रं नाही, झाड नाही. आणि त्या सगळ्याच्या तळाशी काहीतरी हलतंय. मुंगीएवढं.

तोच आपला वॉल-ई. एक लांबलचक सरकारी थाटाचं इंग्रजी नाव आहे, त्याच्या आद्याक्षरांचं हे लाडकं रूप. अर्थ साधारण असा, की पृथ्वीवर कचरा उचलून रचणारं यंत्र. पोटाचा खोका उघडायचा, कचरा आत भरायचा, दाबायचा, ठोकळा बाहेर काढायचा, ठेवायचा. पुन्हा उघडायचा. गंजलेला, पिवळा, धुळीनं माखलेला.

मी सिनेमा थांबवला आणि विचारलं, "कसं वाटतंय?"

"बाई, भीतीचा पिक्चर आहे का?"

"भुताचं शहर वाटतंय."

"सगळे मेलेत."

"बरं. आणि हा कोण आहे? एका वाक्यात सांगा."

मागच्या बाकावरून उत्तर आलं, "कचरेवाला!" आणि हशा पिकला. हसताना तीन-चार माना एकाच दिशेला वळल्या.

ती दिशा मला ठाऊक होती. आमच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील नगरपालिकेच्या घंटागाडीवर काम करतात. जुलै महिन्यात हे वर्गाला कळलं, आणि तेव्हापासून तो दारातून आत आला की कुणीतरी हळूच घंटागाडीचं गाणं गुणगुणायचं. मी एकदा सगळ्यांना खडसावलं होतं आणि प्रकरण मिटलं असं समजून पाठ्यपुस्तकाकडे वळले होते. मिटलं वगैरे काही नव्हतं. गाणं नुसतं माझ्यासमोर बंद झालं होतं. ऑगस्टमध्ये 'माझे बाबा' हा निबंध दिला, तर या मुलानं लिहिलं, 'माझे बाबा ऑफिसात जातात.' मी खाली लाल शाईनं 'छान' लिहिलं. खरं काय ते माहीत असून लिहिलं. मला वाटलं, मी त्याला सांभाळून घेतेय.

त्या दिवशी हसणाऱ्यांना गप्प केलं आणि घंटा झाली.

पुढच्या शनिवारी मी शेजारच्या शिक्षिकेकडून स्पीकर मागून आणला, सकाळी सातला येऊन तीनदा तपासला, आणि तीच दहा मिनिटं पुन्हा लावली. पोरं कुरकुरली, "बाई, हे बघितलंय!" म्हटलं, बघितलंय, ऐकलेलं नाही.

आणि मंडळी, सिनेमाच बदलला की हो!

काळ्या आकाशात चांदण्या दिसतात त्याच क्षणी एक नाचरं, खुशीचं गाणं सुरू होतं. मोठा वाद्यवृंद, ठणठणीत आवाज. 'हॅलो, डॉली!' नावाच्या १९६९ सालच्या अमेरिकी संगीत-सिनेमातलं हे गाणं. ठेवणीतले कपडे घालून, नटूनथटून, जग बघायला निघालेल्या लोकांचं. आपल्याकडे जत्रेला निघताना जो उत्साह असतो ना, अगदी तो. आता बघा, कानात 'चला चला, बाहेर केवढं मोठं जग आहे' आणि डोळ्यांसमोर रिकामी, मेलेली पृथ्वी. मुक्या सिनेमात तेच शहर भुताचं वाटत होतं. आता भीती गेली आणि तिच्या जागी दुसरंच काहीतरी आलं. वर्गाला त्याचं नाव सापडेना. एक मुलगी म्हणाली, "लग्न झाल्यावर दुसऱ्या दिवशी मांडवात जातो ना बाई, तसं." मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं.

मग तीच मुलगी म्हणाली, "बाई, गाणं लहान झालं."

पुन्हा ऐकलं. खरंच! आकाशात असताना गाणं भरगच्च वाजतं. कॅमेरा खाली वॉल-ईपाशी पोचतो तेव्हा तेच गाणं बारीक, किरकिरं, डबक्यातून आल्यासारखं येऊ लागतं, कारण ते त्याच्या अंगावरच्या छोट्या टेपरेकॉर्डरमधून येतंय. म्हणजे इतका वेळ आपण सिनेमाचं संगीत म्हणून जे ऐकत होतो ते त्याचं गाणं होतं. तो काम करता करता ऐकत होता. माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या आठवल्या मला. हात कामात आणि मन भलतीकडेच.

एक अक्षर न बोलता आपल्याला तीन गोष्टी कळल्या. हा एकटा आहे. याला गाणं आवडतं. आणि जे गाणं आवडतं त्यातल्यासारखं इथे काहीच उरलेलं नाही.

सगळेच विज्ञानपट असे सुरू होत नाहीत हं. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मध्ये सुरुवातीला मजकुराच्या ओळीच्या ओळी पडद्यावरून वर सरकत जातात. कोण कुणाशी लढतंय ते आधी वाचा, मग बघा! त्यानंतर एक छोटं यान पळतं आणि त्याच्यामागून डोक्यावरून एक भलंमोठं यान येतं, ते येतच राहतं, संपतच नाही. तीही झकास सुरुवात आहे. पण तिथे आधी युद्ध कळतं, माणसं मागाहून. 'वॉल-ई'त आधी तो कळतो. पृथ्वीचं काय झालं ते त्याच्या घरी जायच्या वाटेवर, जाता जाता समजतं. पट्ट्यांखाली जुनी वर्तमानपत्रं येतात, कचऱ्यानं हाहाकार उडाल्याच्या बातम्यांची. बंद दुकानं येतात, सगळ्यांवर एकाच कंपनीचं नाव. तो शेजारून गेला की फलक जागे होतात आणि जाहिरात बोलू लागते, 'इथे फार कचरा झालाय? चला, अंतराळात सहलीला!' अशा अर्थाची. माणसं गेली, आणि जाहिराती मात्र अजून गिऱ्हाईक शोधताहेत. हे कचऱ्याचं काम गेली सातशे वर्षं चालू आहे, हे तर पुढे कळतं.

या घरच्या वाटेवरच एक प्रसंग आहे. जेमतेम काही सेकंदांचा. मी हा सिनेमा माझ्या मुलीबरोबर तीनदा पाहिला होता आणि तो माझ्या नजरेतून तीनदा निसटला होता.

वॉल-ईला पाय नाहीत. रणगाड्याला असतात तसे दोन पट्टे आहेत. ते झिजून फाटलेत, म्हणून तो खडखडत चाललाय. वाटेत त्याच्यासारखाच एक वॉल-ई बंद पडलेला दिसतो. असे कितीतरी दिसतात. सगळे गंजून पडलेत, चालू एवढा एकच. त्या बंद पडलेल्याचे पट्टे चांगले आहेत. आपला वॉल-ई थांबतो, बघतो. आणि लगेच पुढचं दृश्य. तो मजेत चाललाय, पट्टे नवे!

"चोरले!" एक मुलगा ओरडला. "मेलेल्याचे चोरले!"

वर्गात भांडणच जुंपलं. मेलेल्याला काय करायचेत पट्टे? पण विचारायला नको? कुणाला विचारणार, तो तर मेलाय! मी मध्ये पडणार इतक्यात खिडकीजवळच्या बाकावरून आवाज आला. आमचा घंटागाडीवाल्यांचा मुलगा. तो वर्गात आपणहून बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

"तो आधी थांबला," तो म्हणाला. "चोर थांबत नाही."

मी सिनेमा मागे नेला. खरंच, थांबतो. आणि पट्टे काढताना दिग्दर्शकानं दाखवलंच नाही, मधला भाग गाळून टाकला. का बरं गाळला असेल? तो स्क्रू काढतोय, ओढतोय असं दिसलं असतं तर आपल्याला कसंसंच झालं असतं, त्याच्याबद्दल थोडा रागही आला असता. नुसतं थांबणं दाखवलं, म्हणून आपल्या ध्यानात राहतं ते त्याचं थांबणं.

आता त्याच्या डोळ्यांविषयी, कारण हे थांबणं, बघणं सगळं डोळ्यांतच आहे. वॉल-ईला तोंड नाही, नाक नाही, भुवया नाहीत. आहे काय, तर दुर्बीण. स्टँटन एकदा बेसबॉलचा सामना बघायला गेले होते. शेजाऱ्याकडून दुर्बीण घेतली, उलटी धरली आणि त्यांना तिच्यात चेहरा दिसला. दोन नळकांडी मधून वाकवली की चेहरा दुःखी होतो, वर केली की आनंदी. झालं, सामना राहिला बाजूला, हे आपले दुर्बिणीशी खेळत बसले! घरी दुर्बीण असेल तर करून बघा. नसेल तर दोन मुठी डोळ्यांपुढे धरून बहिणीला ओळखायला सांगा.

ही मंडळी तयारीच्या काळात रोज दुपारच्या जेवणाच्या वेळी चार्ली चॅप्लिन आणि बस्टर कीटन यांचे मूकपट बघायची, असं स्टँटन यांनी सांगितलंय. बोलल्याशिवाय काय काय सांगता येतं ते शिकायला. मूळ कल्पनाही जेवणाच्या टेबलावरचीच, १९९४ सालची. गप्पांत कुणीतरी म्हणालं, माणसं पृथ्वी सोडून गेली आणि शेवटचा यंत्रमानव बंद करायला विसरली तर? तेव्हापासून सिनेमा यायला चौदा वर्षं लागली. गृहपाठ एका दिवसात आटपणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

आवाजाचं काम बेन बर्ट यांचं. 'स्टार वॉर्स'मधल्या आर-टू-डी-टू या शिट्या मारणाऱ्या यंत्रमानवाचा आवाज त्यांनीच घडवला होता. वॉल-ईच्या चालण्याची घरघर त्यांनी हातानं फिरवायच्या जनरेटरमधून काढली. आणि त्याच्याबरोबर एक झुरळ असतं, त्याच्या पायांची टिकटिक? ती हातकडीची! हो, पोलिसांकडे असते ती.

आता वॉल-ईच्या घरी चला. एक मोठा बंद ट्रक म्हणजे त्याचं घर. आत शिरल्यावर तो पहिल्यांदा काय करतो माहितीये? नवे मिळालेले पट्टे काढून ठेवतो. दारात चपला काढाव्यात तसे! यावर आमचा वर्ग एवढा खूश झाला की मला दोन मिनिटं सिनेमा थांबवावा लागला. "आपल्यासारखाच आहे की!" परक्या देशाचा, पत्र्याचा, सातशे वर्षांपूर्वी बनवलेला, आणि एका चपलांवरून तो आपल्या वाड्यात राहायला आला.

दिव्यांच्या माळा लागतात. फळ्यांवर त्यानं जमवलेल्या वस्तू मांडल्यात. आज पाठीवरच्या डब्यातून रुबिकचा ठोकळा आला, लायटर आला आणि एक विचित्र चमचा आला, चमच्यासारखा खोलगट पण टोकाला काट्यासारखे दात. एका पेल्यात त्याच्याकडे चमचे आहेत, दुसऱ्यात काटे. हा कुठे ठेवायचा? इकडे धरून बघतो, तिकडे धरून बघतो. शेवटी दोन्ही पेल्यांच्या बरोबर मधे ठेवून देतो. दुसरं कुणी म्हटलं असतं, हे कशातच बसत नाही, फेका. याला त्याची वेगळी जागा करावीशी वाटते.

मग तो एक व्हिडिओ कॅसेट लावतो. (कॅसेट म्हणजे काय ते आईबाबांना विचारा, त्यांना सांगायला फार आवडेल.) तोच 'हॅलो, डॉली!' सिनेमा. पडद्यावर दोघं जण एकमेकांचा हात हातात घेतात. वॉल-ई बघत राहतो, आणि हळूच आपलेच दोन हात एकमेकांत गुंफतो. पडद्याजवळ बसलेली आमची सगळ्यात दंगेखोर पोरंही इथे चिडीचूप झाली. एरवी सिनेमावाल्यांनी या जागी एखाद्या पात्राच्या तोंडी 'मी किती एकटा आहे' असं वाक्य घातलं असतं, सोबत व्हायोलिन. इथे फक्त दोन लोखंडी हात.

आणि चित्र कसं घेतलंय तेही बघा. हा सगळा संगणकावर तयार केलेला सिनेमा, तिथे खरा कॅमेरा नाहीच. तरी त्यांनी रॉजर डीकिन्स या नामवंत छायालेखकाला सल्ल्यासाठी बोलावलं. खऱ्या भिंगातून बघताना जवळचं स्पष्ट आणि मागचं धूसर होतं ना, तसं मुद्दाम केलंय. त्यामुळे त्याची एखादी लहानशी वस्तू स्वच्छ दिसते आणि मागचं अवाढव्य मोडकं शहर पुसट होऊन जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉल-ई झोपेतून उठतो तो अगदी परीक्षेच्या सकाळी तुम्ही उठता तसा, धडपडत. उन्हात सौरपट्ट्या पसरतो, पोटभर ऊन खातो, आणि कामाला निघताना त्याच्या पट्ट्याखाली ते झुरळ येतं. कच्च!

"मेलं!" सगळा वर्ग किंचाळला. अहो, ही तीच मुलं, जी वर्गात झुरळ दिसलं की चपला घेऊन धावतात. दहा-बारा मिनिटांत सिनेमानं त्यांना एका झुरळासाठी रडवेलं केलं होतं. झुरळ मरत नाही हं, टुणकन उठतं. अडतीस जणांनी सुस्कारा सोडला. मीही सोडला, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशीच्या कामात त्याला कचऱ्यात एक मखमली डबी सापडते. उघडतो. आत हिऱ्याची अंगठी! चमचम करतेय. तो अंगठी काढतो, मागे फेकून देतो, आणि डबी ठेवतो.

वर्ग खदखदून हसला. "येडा आहे!" मी थांबवून विचारलं, "का बरं ठेवली असेल डबी?" हात वर होईनात. मी स्वतः आतापर्यंत ही गंमत एवढ्यावरच सोडली होती, की यंत्राला हिऱ्याची किंमत कळत नाही. पाठ्यपुस्तकी उत्तर.

खिडकीजवळचा हात वर आला.

"डबी उघडते आणि मिटते," तो म्हणाला. "अंगठी काहीच करत नाही. हिंज चांगलं होतं त्या डबीचं." मग जरा थांबून, "चांगलं हिंज मिळत नाही कचऱ्यात. माझे बाबा पण ठेवतात."

वर्गात कुणी हसलं नाही. कुणी गुणगुणलंही नाही. मी पुढे काही बोलले नाही, कारण शिक्षक बोलायला लागला की मुलांना कळतं, आता उपदेश येणार. मी फक्त सिनेमा सुरू केला. डबी उघड, मीट, उघड, मीट. या वेळी सगळे बिजागरीकडेच बघत होते.

यानंतर एका जुन्या फ्रिजमध्ये त्याला हिरवं रोपटं सापडतं, आकाशातून यान उतरतं, ईव्ह येते आणि खरी गोष्ट सुरू होते. ती मी सांगत नाही, तुम्ही बघा. पुढचा अंतराळयानातला भाग मजेदार आहे, पळापळी आहे, पण माझं मत विचाराल तर या पहिल्या अर्ध्या तासाची सर त्याला नाही.

वस्तूवरून माणूस ओळखायची ही रीत स्टीव्हन स्पिलबर्ग यांच्या १९८२ सालच्या 'ई.टी.'तही आहे. तिथे रात्रीच्या जंगलात परग्रहावरच्या छोट्या जीवाच्या मागे माणसं लागतात. त्यांचे चेहरे दिसतच नाहीत. एकाच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा लटकतो, खळखळ वाजतो, बस्स. त्या खळखळीनंच छातीत धडकी भरते. ती सुरुवातही मी वर्गाला दाखवली. कमरेइतक्या उंचीवरून सगळं दिसतं, म्हणजे लहान मुलाला जेवढं दिसेल तेवढंच.

मग आम्ही एक खेळ काढला. तिसऱ्या शनिवारी प्रत्येकानं घरातली अशी एक वस्तू आणायची, जी वापरात नाही पण कुणी टाकूही देत नाही. कुणाची ते सांगायचं नाही. टेबलावर ठेवायची आणि बाकीच्यांनी माणूस ओळखायचा, सिनेमाच्या पहिल्या दृश्यात ओळखतो तसा. तुम्हीही घरी करून बघा, पाहुणे आल्यावर फार रंगतो.

एकीनं एका काडीचा चष्मा आणला. "आजोबा!" छे, आजीचा निघाला, आजोबा गेल्यावर ती वर्तमानपत्र त्यातूनच वाचते. एकानं फुटकं बुजगावण्याचं मडकं आणलं, एकीनं बंद घड्याळ.

खिडकीजवळच्या मुलानं एक तारेची कडी आणली. तिच्यात किल्ल्या. पंधरा-वीस तरी असतील. पितळी, लोखंडी, सायकलच्या, कपाटाच्या, एक स्कूटरची, एकीला प्लॅस्टिकचा मोर लावलेला. सगळ्या घासूनपुसून स्वच्छ.

"कुलूपवाला!"

"वॉचमन!"

"ई.टी.मधला तो माणूस!" यावर सगळे हसले, तोही हसला.

"हरलात?" मी विचारलं. हरलो म्हणाले.

"माझ्या बाबांच्या आहेत," तो म्हणाला. "ते घंटागाडीवर असतात. कचऱ्यात किल्ल्या येतात लोकांच्या, चुकून. बाबा वेगळ्या काढतात, धुतात आणि दाराजवळ खिळ्याला लावतात. कुणी शोधत आलं तर."

ज्यानं पहिल्या शनिवारी मागच्या बाकावरून 'कचरेवाला' म्हटलं होतं, तो उठून पुढे आला. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार. त्यानं ती कडी हातात घेतली, मोराची किल्ली बोटानं फिरवून पाहिली आणि विचारलं,

"मग आलं का कुणी?"

"दोनदा," तो म्हणाला.